विहिरीजवळची वांगी

चांदूर रेल्वे, पौष शुद्ध पंचमी, सन १९३१

रा. रा. पंजाबराव भाऊ यांस शालिकरामचा रामराम. इकडे सगळे सुखरूप आहे असे लिहायची रीत आहे म्हणून लिहिले. मला झोप नाही. तुमचे गुडघे कसे आहेत? (तुमची बहीण ठणठणीत आहे. माझ्यावर ओरडते त्यावरून सांगतो.)

दिवाळीनंतर मी वालाच्या वेलांसाठी बांबू आणायला धारणीकडे गेलो. जाताना पोरीला, शकुनला, सांगितले, विहिरीजवळ नेहमीसारखा कांदा लाव. परत येतो तर या बांधापासून त्या बांधापर्यंत वांगी! आता तुम्हीही माळीच. लग्नाच्या पंगतीची वांगी घरच्या मळ्यातलीच हवीत ही आपली रीत. उपवर पोरीच्या बापाने एवढी वांगी लावली की लग्न ठरले, गावाला वेगळे सांगावे लागत नाही. त्यात मी गाडीभर बांबू घेऊन वेशीतून आलो (लोकांच्या लेखी मांडवाचेच, दुसरे कशाचे!). शेजारची माणिकबाई कुंपणावरून म्हणाली, "काहून जी, जावई लपवून राहिले का?" वाजंत्रीवाला तारीख विचारून गेला. मी नाही म्हटले की लोक हसतात.

मीही हसलो असतो, पण ही बातमी तुमच्या अकोल्याला उत्तमरावांच्या कानी गेली. दसऱ्याला ते त्यांच्या मुलासाठी, भगवंतासाठी, शकुनला पाहून गेले होते आणि मी तुमच्यामार्फत होकार कळवतो म्हणालो होतो (कामात राहून गेले). आता ते म्हणतात, पोरगी दुसरीकडे दिली, आपण दुसरी बघू. भाऊ, असे घर पुन्हा मिळायचे नाही. माझा जीव टांगणीला लागला आहे. वांगी उपटली तर लोक म्हणतील लग्न मोडले. बाजारात नेली तरी तेच. ठेवावीत तर फुले धरली आहेत.

सत्यभामावहिनींना रामराम सांगा. मुलांना आशीर्वाद.

ता. क. पत्र मिळताच उत्तमरावांकडे जा आणि पोरगी अजून आमच्याच घरी आहे म्हणून सांगा. माघातला मुहूर्त चालेल का तेही विचारा. फाल्गुनापर्यंत वांगी जून होतील.

आणखी ता. क. पाकीट बंद करण्याआधी शकुनला विचारले, कांदा सांगितला असता वांगी का लावलीस? वाफ्याला पाणी देता देता, वर न बघता म्हणाली, "दसऱ्यापासून मामाले लिहतो, लिहतो करून राहिले तुमी, बाबा. कांदे लावले असते तं हे पत्र लिहलं असतं काय?"