मी मागनं जेवते

माय, काल दुपारी लोह्याकडची एक बाई माझ्यासमोर बसली होती. नांदेडच्या दवाखान्यात फुफ्फुसाच्या जुन्या आजाराची माणसं येतात, त्यांना मी छापील प्रश्न विचारते. जिना चढता येतो का, आंघोळ करताना धाप लागते का, लोकांत जावंसं वाटतं का. छातीच्या तपासणीत जे दिसत नाही ते, म्हणजे माणूस दिवस कसा काढतो, हे त्यातून कळतं. मी जेवणाचं विचारलं. बाई म्हणाली, "सगळ्यांसंगं बसत न्हाई मी. घास चावावा तर दम तुटतो. मी मागनं जेवते म्हणते, अन् एकलीच बसते. अर्धी भाकर घंटाभर पुरते." माझा पेन थांबला. पुढची ओळ वाचता येईना.

हे तर तुझं वाक्य. दुष्काळात गाव सोडून आपण लातूरला आलो, तू डाळ मिलमध्ये तुरीच्या धुळीत उभी राहिलीस, आणि लातूर जिल्हा झाला त्या साली तुझा खोकला कायमचाच झाला होता. डॉक्टरांनी विचारलं, "कसं वाटतंय, मावशी?" तू म्हणालीस, "बरं हाय." शेजारी उभं राहून मीही मान हलवली. घरी सगळ्यांना वाढून तू म्हणायचीस, "तुम्ही घ्या, मी मागनं जेवते." बाईमाणूस शेवटीच जेवतं, त्यात मला काही वेगळं दिसलं नाही.

माझ्या लग्नानंतर सासरची माणसं पहिल्यांदा जेवायला आली, तो दिवस. सासूबाई म्हणतात, "विहीणबाई, बसा की संगं." तू नको नको म्हणतेस. मी तुला चुलीपाशी ओढून नेते. "चार माणसांत माझी लाज काढू नको." तू मुकाट्यानं येऊन बसतेस. दुसऱ्याच घासाला तुझा चेहरा काळानिळा पडतो, तोंडाला पदर लावून तू मागच्या दारी जातेस. मी पाहुण्यांना सांगते, "तिला सवय न्हाई माणसांत बसायची." सगळे हसतात. मीही हसते.

काल त्या बाईचा कागद कसाबसा भरला आणि बाहेर व्हरांड्यात येऊन भिंतीला टेकले.  इतकी वर्षं परक्या माणसांना विचारत राहिले, आणि तुझं उत्तर आता कळलं.

हे पत्र कुठं धाडायचं नाही, म्हणून लिहिते. मला काही दिसलं नाही, असं वर म्हटलं ते पुरतं खरं नाही. आम्ही उठल्यावर तू एकटी जेवायचीस, तेव्हा तुझी धाप बाहेरच्या खोलीत ऐकू यायची. मी रेडिओ मोठा करायचे.