चरकाचा शाफ्ट

उस्मानपुरा, औरंगाबाद
१० डिसेंबर १९८०

प्रिय मुंजाबा,

जयभीम. चरकाचा शाफ्ट तुटून गुऱ्हाळ बंद पडल्याचं तुझं कार्ड मिळालं. गाव सोडल्यापासून तुझं हे पहिलंच कार्ड, अन् त्यात सगळा शाफ्टच! तरी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

शाफ्ट करून देतो. चिकलठाण्याच्या कारखान्यात माझं कामच ते आहे. पण टोकाचे दाते किती अंतरावर पाडायचे, हे इथं बसून ठरंना. शाफ्ट अन् तो ज्यात बसतो ते चाक, दोन्ही नवं असतं तर मोठे सहाच दाते दिले असते. बारीक अन् जास्त दाते असले की जोर वाटला जातो खरा, पण तुमच्याकडं धूळ, चिपाडं, उसाचा रस. हंगाम संपल्यावर शाफ्ट उपसायला गेलास तर जागचा हलणार नाय. पण तुझं चाक जुनंच राहणार. त्याच्या भोकात जशा खाचा, तसेच दाते पाडावे लागतील. जरा चुकलं तर सगळा जोर एकाच दात्यावर येऊन शाफ्ट पुन्हा तुटेल. म्हणून मीच येऊन मोजायला पाहिजे, अन् तेच जमत नाय.

आईनं अंथरूण धरलंय. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. ती रोज गावाला ने म्हणते. तुझं कार्ड वाचून दाखवलं तर म्हणाली, मुंजाबाला कणकीत ठसा घ्यायला सांग. कणीक वाळली की आकसते, म्हटलं. तर म्हणाली, "मग तूच जा. मला बी ने." नामांतराच्या दंगलीत आमचं घर जळताना तिनं डोळ्यांनी पाहिलंय, तरी गावच मागते. मी काय करू, सांग?

त्या दिवशी तू कुठं होतास, हे विचारत नाय. लई राग येतो, मग तुझं तोंड आठवतं. लहानपणी तुझा पाय मांडीवर घेऊन आईनं बाभळीचा काटा काढला होता, अन् तुझ्या आजीनं आंघोळ घातल्याशिवाय तुला घरात घेतलं नव्हतं. आई अजून हसत सांगते.

मी यायला पाहिजे असं वर लिहिलं, ते खरं नाय. चाक काढून गंगापूरहून एसटीच्या टपावर टाक, मी मोजून परत पाठवतो. विचारायचं होतं ते दुसरंच. आईला घेऊन आलो तर तुझ्याकडं निजवशील का? ओसरीवर नाय, घरात. ती फार दिवस राहणार नाय. नाय म्हणायचं असेल तरी कार्ड टाक. शाफ्ट मी करून देईनच.

तुझाच,
अप्पाराव