सव्वीस पौंड हवा

प्रिय लिओना,

रविवारच्या भांडणानंतर तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेऊन बसलो. अक्षराला हसू नकोस. आपल्या किंगमनमध्ये सप्टेंबर लागला तरी उन्हाळा हलायला तयार नाही. दुपारी माझ्या टायरच्या दुकानासमोरच्या डांबरात बुटाचा ठसा उमटतो. गाड्या ओढून आणणारा हॉलिस सकाळी कॉफीला आला होता. धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला फाटलेल्या टायरांची सालपटंच सालपटं पडलीत, मला म्हणाला. "ऑर्विल, रस्ता कात टाकतोय बघ!" आणि आपल्याच विनोदावर हसला. मला हसू आलं नाही. उद्या तुम्ही त्याच रस्त्याने युटाला निघणार आहात.

केंटने तुमच्या गाडीला ते सदतीस इंची टायर बसवले तेव्हा मी नावं ठेवली नव्हती, आठवतं ना? गाडीच्या दाराच्या चौकटीवर छापलेला हवेचा आकडा मूळच्या टायरांचा असतो, आणि टायरवर कोरलेला आकडा ही शेवटची मर्यादा असते. इतक्या मोठ्या टायरला रिकाम्या गाडीखाली दोन्ही जास्तच. हे मला कुठल्या कॉलेजने शिकवलेलं नाही. मार्चमध्ये मी केंटला दुकानामागच्या आवारात नेलं, टायरांच्या नक्षीवर खडूच्या आडव्या रेघा ओढल्या आणि गाडी सरळ चालवायला लावली. फक्त मधला खडू पुसला गेला. म्हणजे हवा जास्त, टायर पोट पुढे काढून चालतोय. थोडी सोडली, पुन्हा रेघा, पुन्हा फेरी. सव्वीस पौंडांवर रेघ या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखी पुसली. केंटने मला मिठीच मारली. "सासरेबुवा, जादूगार आहात तुम्ही!" तू पायरीवर टिलीला पाजत बसली होतीस आणि कितीतरी दिवसांनी माझ्याकडे बघून हसलीस. हा आकडा रिकाम्या गाडीचा, हे मी तिथेच सांगितलं होतं. तुमच्या हसण्यात ते कुणाच्या कानात शिरलं की नाही, देव जाणे. दुसऱ्या दिवशी बघतो तर चारही चाकांवर पांढऱ्या रंगात सव्वीस रंगवलेलं.

रविवारी तुम्ही सगळं सामान लादून, गाडी कशी चालते ते बघायला लाफलिनला जाऊन आलात. टपावर तंबू, मागे पाण्याचे दोन पिंप, बर्फपेटी, टिलीचा पाळणा. गाडी मागून खचली होती. मी मागच्या उजव्या टायरला हात लावला आणि तव्याला लागावा तसा झटकन काढून घेतला. तुझा नवरा पुढच्या चाकापाशी उकिडवा बसून हवा सोडत होता. "बत्तिसावर चढली होती, सासरेबुवा. पण तुमचा आकडा मी मोडत नाही हं! प्रत्येक थांब्यावर सव्वीस म्हणजे सव्वीस." अगं, हवा चढली कारण टायर तापला. तापला कारण ओझ्याखाली तो प्रत्येक फेऱ्याला दुमडत होता. हवा सोडली की तो आणखी दुमडतो, आणखी तापतो, मीटर पुन्हा वर जातो, आणि केंट पुन्हा हवा सोडतो. मी त्याला मूर्ख म्हणालो. तो शब्द मी मागे घेणार नाही. तू म्हणालीस, "बाबा, दुसरं कुणी बरोबर असलेलं तुम्हाला बघवतच नाही!" आणि टिलीला उचलून निघून गेलीस.

एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. गेल्या वर्षी माझ्या आवारात ताडपत्रीखाली एक गाडी होती. तू विचारलंस तेव्हा विमावाल्यांची आहे म्हणून मी विषय बदलला, कारण तेव्हा तुला दिवस गेले होते. हॉलिसने ती धरणाच्या रस्त्यावरून ओढून आणली होती. टप सीटपर्यंत दबलेला. मागच्या एका चाकावर टायर म्हणून नुसता चिंधीएवढा तुकडा उरला होता. उरलेल्या तिन्ही टायरांची हवा मी मोजली. तिन्हींत कमी, पण सारखी, पौंडाचाही फरक नाही. इतकं नेटकं काम मी क्वचित बघितलंय. त्या माणसाने वाटेत थांबून थांबून, मीटर लावून, मन लावून हवा सोडली होती. तो बेफिकीर नव्हता, लिओना. केंटसारखाच काळजी घेणारा होता. मागच्या सीटवरच्या बाळाच्या खुर्चीचा पट्टा कुणीतरी सुरीने कापलेला होता. हॉलिस त्या दिवशी कॉफी न पिताच गेला.

आता हे का लिहिलं ते सांगतो. आज संध्याकाळी तुम्ही केंटच्या आईकडे जेवायला गेलात, तेव्हा मी तुमच्या अंगणात होतो. चारही टायरांच्या व्हॉल्व्हमधल्या, हवा अडवून धरणाऱ्या पिना मी काढल्या आहेत. त्या या पाकिटात आहेत, आणि पाकीट तुम्ही परतायच्या आत तुमच्या दारात ठेवून येतो. हवा जाऊन गाडी चाकांच्या कडांवर बसली आहे, तिला दुसरं काही केलेलं नाही. केंटला पोलिस बोलवायचे तर खुशाल बोलवू दे, मी नाकारणार नाही. माझा कॉम्प्रेसर ट्रकवर चढवून ठेवलाय. उजाडताच फोन कर. टायर थंड आहेत तोवर, भरलेल्या गाडीला लागते तेवढी हवा मी स्वतः भरून देतो, आणि मग वाटेत कुणी ती सोडायची नाही. हे त्याला पटलं नाही आणि आपल्या पंपाने सव्वीसच भरून निघायचं ठरलं, तर मी गाडीपुढे आडवा पडणार नाही. तुम्ही दोघं मोठी आहात. फक्त टिलीला माझ्याकडे ठेवून जा.

तुझाच, फोनपाशी बसलेला,
बाबा