वेणी घालताना विचारलेले प्रश्न

५ मार्च

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

पार्सल काल दुपारी पोचलं. सासूबाईंसाठी लोकरीचे मोजे दोन जोड, पांघरूण एक, माझ्यासाठी कात्री एक. मोज्यांवरची किंमत तुम्ही खरवडलीत, पण उजेडाकडे धरल्यावर मला वाचता आली. तेवढ्या पैशांत मी घरातल्या सगळ्यांना मोजे विणून घातले असते आणि उरल्या लोकरीची टोपीही झाली असती. असो. कात्रीला मात्र नाव ठेवायला जागा नाही.

आता मुद्द्याचं. सासूबाईंच्या शुश्रूषागृहात दर तीन महिन्यांनी प्रत्येकाची स्मरणशक्ती कशी आहे, मन कसं आहे, याचा तक्ता भरतात. या खेपेला त्यांना स्मरणशक्तीत पंधरापैकी चार मिळाले. मेट्रनबाई म्हणाल्या की सहाच्या खाली गेलं की वरच्या मजल्यावर हलवतात. तिथे दाराला बाहेरून कडी असते. अहो, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं नंबर तोंडपाठ ठेवलेली बाई! गेल्या भेटीत मी छत्री विसरले होते, हे त्यांनीच मला सांगितलं. मनाच्या रकान्यात ‘आनंदी’ लिहिलंय. मला तर त्या हल्ली फार गप्प वाटतात.

तक्ता भरणारी सेविका स्वभावाने चांगली आहे. सगळे तिला घाईबाई म्हणतात. सकाळी बावीस जणांचं आवरायचं, म्हणून ती वेणी घालता घालताच प्रश्न विचारून घेते. मला तिचं कौतुक वाटलं, वेळ वाचवावा तर असा.

मी हट्टाने फेरतपासणी मागून घेतली आहे, येत्या बुधवारी. मी स्वतः हजर राहणार. तुम्ही गावोगाव जाऊन सेविकांना हेच काम शिकवता, माझी धाव मॅट्रिकपर्यंत. देवावर भरवसा आहे, पण देवाला तो तक्ता वाचून कोण दाखवणार? काय करू ते सांगा.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
वहिनी


९ मार्च

ती. वहिनी,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचताना वेणीपाशी थबकले. वेणी घालताना विचारायचं म्हणजे पाठीमागे उभं राहून विचारायचं. आईला आता कानांनी जेमतेम ऐकू येतं, ती ओठ पाहून समजून घेते. आणि हे ती मेली तरी कबूल करणार नाही. जन्मभर कानांवर पोट भरलं, आता कान गेले म्हणून कशी सांगेल? तुमच्यापासूनही तिने लपवलंय असं दिसतं. समोरचा काय बोलला ते कळलं नाही की हो, ठीक आहे, म्हणून ती मोकळी होते. वार विचारला तरी हो, ठीक आहे. मग मार्क कुठून पडणार?

मनाचंही तेच. बरं आहे ना आजी, असं विचारल्यावर नाही कोण म्हणेल? आम्ही शिकवतो की समोर बसा, आपल्या चेहऱ्यावर उजेड असू द्या, एका वेळी एकच विचारा आणि मग गप्प राहा. गप्प राहायला शिकवण्यातच आमचा अर्धा दिवस जातो.

मेट्रनबाईंशी मी फोनवर बोलले. माझी जोडीदारीण पुढच्या सोमवारी येईल आणि दोन दिवस सगळ्या सेविकांना शिकवेल. मी येणार नाही. आपल्याच माणसाची तपासणी करायची नाही, असा आमचा नियम आहे. आणि वहिनी, राग मानू नका, पण तपासणीच्या वेळी तुम्ही खोलीबाहेर बसा. माझ्या तोंडी परीक्षेला खिडकीत उभं राहून पाढे कोण म्हणत होतं, ते मी अजून विसरले नाही. काळजी करू नका, यातून नीट मार्ग निघेल.

लोभ आहेच, रागे भरायचा हक्कही राखून ठेवा.

तुमची,
धाकटी नणंद


१९ मार्च

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र गुरुवारी आलं आणि तपासणी बुधवारीच होऊन गेली होती. आता कबुली देते. त्या दिवशी घाईबाई घाईघाईतच, पण समोर बसली. मी तिच्या पाठीमागे, सासूबाईंच्या बरोबर समोर. साल विचारलं की माझे ओठ हलायचे. महिना विचारला की हलायचे. आवाज काढत नव्हते, म्हणून ते पाप वाटलं नाही. पंधरापैकी चौदा! घाईबाईने मला मिठीच मारली. वरच्या मजल्याचा कागद बाजूला ठेवला गेला. एक दिवस मी नुसती मिरवले. मग तुमचं पत्र वाचलं आणि प्रार्थनेला बसल्यावर मान वर होईना. चौदातले त्यांचे किती आणि माझे किती? सांगावं तर पुन्हा चारवर येतील, न सांगावं तर त्यांच्या नावावर खोटा तक्ता राहील आणि त्यांना काय हवंय ते कुणालाच कळणार नाही.

सोमवारी मेट्रनबाईंना सांगितलं. तुमची जोडीदारीण तिथेच होती. रागावली नाही. हेच सगळ्या सेविकांपुढे सांगाल का, म्हणून विचारलं. उभी राहून सांगितलं. तर घाईबाईच रडायला लागली. म्हणाली की तीही कित्येकांना मायेने उत्तरं सुचवते.

मंगळवारी तिने स्टूल ओढलं, खिडकीचा उजेड तोंडावर घेतला आणि सावकाश विचारलं. मी बाहेर बाकावर, तोंडावर हात दाबून. अकरा मिळाले, वन्सं, सगळे त्यांचे स्वतःचे! डॉक्टर म्हणाले की विसरभोळेपणा आहे, पण वरच्या मजल्याचं काही कारण नाही. तसं लिहून सही केली. मी तिथल्या तिथे देवाला हात जोडले.

मग मनाचं. घाईबाईने विचारलं की दुपार कशी जाते, आणि गप्प राहिली. ते गप्प राहणं बावीस वेण्यांपेक्षा जड गेलं, असं नंतर म्हणाली. बऱ्याच वेळाने सासूबाई बोलल्या. दुपार जातच नाही. जेवण गिळवत नाही. सगळ्यांना ठीक आहे म्हणून सांगते, कारण त्याहून जास्त ऐकायला कुणाला सवड आहे? ‘आनंदी’वर काट मारली. डॉक्टरांनी औषध सुरू केलंय, आणि दुपारी कुणीतरी रोज जवळ बसायचं ठरलंय.

शेवटी विचारलं की काय झालं तर बरं वाटेल. त्यावर म्हणाल्या, माझी मुलगी गावोगाव लोकांच्या आईला कसं वाटतंय हे विचारायला शिकवते, तिला म्हणावं एकदा इकडेही येऊन बस.

वन्सं, तपासणी करायला तुम्हाला नियमाची आडकाठी आहे, जवळ बसायला नाही. लोभ आहे, म्हणूनच इतकं स्पष्ट लिहिलं. लवकरच, सवड झाली की, असलं काही लिहू नका. कुठल्या तारखेला येता ते उलट टपाली कळवा. त्यांच्या उशाशी कागदावर लिहून लावायची आहे.

तुमची,
वहिनी