ब्रिगेडमध्ये योगेंद्र कुठे बसतो

७ नोव्हेंबर

उषाबाई—माझ्या नणंद—लिंबायतहून आल्या आणि चहाआधीच म्हणाल्या, "वहिनी, योगेंद्र फौजमा नेमकं काय करस?" भाचा कॅप्टन होऊन वर्ष झाले, आणि आत्या आता विचारते!

मी जेवणाच्या टेबलावर मेकॅनाइज्ड इन्फंट्रीची ब्रिगेड मांडली. कुकर हे रणगाडे. स्टीलचे डबे म्हणजे चिलखती गाड्या. त्यांत शेंगदाणे, अर्थात पायदळ. लाटणे ही तोफ. मागे मिक्सर—दुरुस्ती विभाग. सर्वांत मागे साखरेचा डबा—ब्रिगेडचे मुख्यालय. रणगाडा वाट फोडतो. परंतु जिंकलेली जमीन राखायला गाडीतून माणसाला उतरावेच लागते, हे मी इतके स्वच्छ सांगितले की स्वतःवरच खूश झाले.

दारातून हे म्हणाले, "कुकर लढाईवरून परत कधी येणार? भूक लागलीय."

अडाणीपणा!

उषाबाई म्हणाल्या, "ते समदं ऱ्हाऊ द्या. यामा आपला योगेंद्र कोठे बसस?"

मी शेंगदाण्यांकडे पाहिले. "थांबा, भाजी करपेल," म्हणत उठले. भाजी अजून चिरलेलीही नव्हती.

८ नोव्हेंबर

रंगरसायनशास्त्रात डॉक्टरेट. पलसाण्याच्या प्रोसेस हाऊसमधून माझ्या सहीशिवाय रंगवलेल्या कापडाचा एक ताका बाहेर पडत नाही. आणि आज शेंगदाण्यांचा डबा उघडवेना. चटणी रद्द!

११ नोव्हेंबर

योगेंद्रचा फोन. वरिष्ठ त्याला मुख्यालयात नेमणूक देऊ करत आहेत. त्याची इच्छा मात्र आपल्या कंपनीबरोबर सीमेवर जाण्याची. मी अत्यंत निःपक्षपाती विवेचन केले. समन्वय हाच संघटनेचा कणा. रणगाडे, तोफा, इंधन, दुरुस्ती यांची मोट बांधणाऱ्या अधिकाऱ्यावाचून पुढच्या गाड्या आंधळ्या—इत्यादी. एकही विधान चूक नव्हते. 'मला भीती वाटते' एवढे एक विधान तेवढे त्यात नव्हते.

त्याने शांतपणे ऐकले. मग, "आई, सरळ साखरेचा डबा म्हण ना. आत्याने सगळं सांगितलंय."

१२ नोव्हेंबर

लागोपाठ ताके नापास केले. रंगाची शेड बरोबर होती, असे आता वाटते.

१५ नोव्हेंबर

तो मुख्यालयात जाणार!

हे म्हणाले, "जिंकलीस म्हणायची." मी उत्तरले, "निर्णय सर्वस्वी त्याचा आहे." हे वाक्य मी इतक्या गांभीर्याने उच्चारले की यांना ठसका लागला. संध्याकाळी देवापुढे साखर ठेवली—चक्क वाटीभर. मी, जी नवसाला अंधश्रद्धा म्हणते!

१६ नोव्हेंबर

योगेंद्रने सांगितले, कंपनीबरोबर त्याच्या जागी धर्मेंद्र जातो आहे—अकादमीपासूनचा त्याचा मित्र. "त्याची आई फार घाबरलीय. तुला फोन करेल. आमची आई छान समजावते, असं मीच म्हटलं त्यांना."

फोन वाजून थांबला. आता पुन्हा वाजतो आहे.