डावीकडचं दार

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

रविवारी बस नाही. म्हणजे सुप्रभाकडे जाणं नाही. गावाबाहेरचं नर्सिंग होम – बाग छान, नर्सेस प्रेमळ, सगळं मान्य! पण रविवारी तिथे पोचायचं कसं, ते कोणी सांगत नाही.

मंजिरीचा मँचेस्टरहून फोन. "बाबा, टॅक्सी करा ना!" लेकीला काय सांगू? माझ्यापुरती एखाद्या रविवारी करीनही. पण मला सुप्रभाला एकदा घरी आणायचंय, आणि तिला टॅक्सीत बसवायची सोय नाही. मागे एकदा बसवलं तर रडायलाच लागली. "हा कोण माणूस? कुठे नेतोय आपल्याला?" अर्ध्या वाटेतून परत. विसर पडत चाललाय तिला सगळ्याचा. मी मात्र अजून आठवतो. गेलो की "आलात?" म्हणते.

गाडी आमच्या दारात उभी. चालवणारी तिकडे.

९ फेब्रुवारी

ठरवलं. लायसन्स काढायचं. वय सदुसष्ट. हसायला घरात कोणी नाही, हा एक फायदाच!

बर्मिंगहॅमला होतो तेव्हा टेस्टमध्ये तीनदा आपटलो होतो. तिसऱ्या वेळी सुप्रभाने किल्ली सरळ स्वतःच्या पर्समध्ये टाकली. "जाऊ द्या हो. मला आवडतं चालवायला. तुम्ही नकाशा बघा." तिला हौसच दांडगी. दिवसभर हॉस्पिटलात पोरं तपासून आली तरी पुन्हा गाडी काढायला तयार. स्कॉटलंड काय, कॉर्नवॉल काय – ती चालवणार, मी बाजूला थर्मास सांभाळणार. मजेत होतो दोघं.

४ मार्च

पहिला धडा. शिकवणारी तनिषा. जन्म इथलाच, आजोबा ठाण्याचे. गाडी आली, मी ऐटीत गेलो, दार उघडून बसलो. ती बाहेरच उभी. "काका, दॅट्स माय सीट!"

सवयीने डावीकडे बसलो होतो.

मग उजवीकडे. समोर स्टिअरिंग. ते दोन्ही हातांनी गच्च धरलं. "माझा आई पण असाच घाबरायचा," म्हणाली. तिचं मराठी असं. पण कानाला बरं वाटलं. घरात मराठी होतं ते माझंच, आणि तेही कुकरशी.

११ मार्च

राउंडअबाउट. मग राउंडअबाउट. मग आणखी एक राउंडअबाउट. आमचं हे मिल्टन कीन्स वसवणाऱ्याला भोवळ कशी आली नाही! एकाला तर प्रदक्षिणाच घालत बसलो, बाहेर पडायला जमेना. तनिषा म्हणाली, "काका, धिस इज नॉट अ मंदिर!" पोरगी चांगली आहे.

२४ एप्रिल

थिअरी पास! पडद्यावर धोका दिसला की बटण दाबायचं. जन्मभर बाजूला बसून मी दुसरं काय केलं? "अगं सायकल! अगं कुत्रं!" शेवटी कामी आलं.

कोणाला तरी सांगावं म्हणून शेजारची बेल दाबली. कोणी नव्हतं. दाराशी पार्सल भिजत होतं, ते आडोशाला ठेवलं आणि घरी आलो. पिठलं केलं. जास्त झालं.

१२ मे

सुप्रभाला सांगितलं, मी गाडी शिकतोय. हसली. किती दिवसांनी अशी हसली! "तुम्ही?" मग माझ्या हातावर हात ठेवून, "आरशात बघत जा हं."

त्या एका "तुम्ही?"वर आठवडा निघेल माझा.

३ जुलै

टेस्ट. नापास. आणि कशाने, तर बसच्या सवयीने! परीक्षकाने स्वच्छ सांगितलं होतं, सरळ जा. पण नर्सिंग होमकडचं वळण आलं आणि गाडी आपोआप तिकडे. ऐन वेळी लेन तोडून. मागच्याने हॉर्न ठोकला. इथे हॉर्न म्हणजे आईवरून शिवीच.

रस्ता चुकला तर चालतं म्हणे. लेन तोडलेली चालत नाही. "कुठे चालला होतात?" परीक्षकाने विचारलं. बायकोकडे, म्हणालो. "सॉरी," म्हणाला. पण नापास ते नापासच.

पुढची तारीख ऑक्टोबरची.

१७ ऑगस्ट, रविवार

बस नाही. कपाटातले सगळे शर्ट इस्त्री केले. जे होत नाहीत तेसुद्धा.

६ सप्टेंबर

आज "आलात?" म्हणाली नाही. नुसती बघत राहिली. नर्सने "लुक, इट्स गिरीश!" म्हटलं तेव्हा "हो हो, या ना, बसा" म्हणाली. आवाज ओळखला मी. पेशंटच्या नातेवाइकांशी बोलायची तो. प्रेमळ, आणि परका.

मला भीती वाटते आहे. कोणाला सांगता येत नाही, म्हणून इथे लिहिलं. तिने मला ओळखायचं आहे, आणि तेव्हा मी तिला घरी नेत असायला हवं. एवढंच हवंय. ऑक्टोबर फार लांब आहे.

७ सप्टेंबर, रविवार

बस नाही.

१४ ऑक्टोबर

पास! पास!! तनिषाने भर रस्त्यात मिठी मारली. "काका, यू डिड इट! मी तर आता रडतोय!" रडतच होती. मीही.

मंजिरीला फोन लावला. कामात असणार, उचलला नाही. मग मशीनलाच सांगितलं. आवाज जरा जास्तच चढला.

गॅरेजवाला बॅटरी बदलून गेलाय. संध्याकाळी सुप्रभाच्या गाडीत जाऊन बसलो – या वेळी न चुकता उजवीकडे. सीट तिच्या उंचीची, पुढे ओढलेली. गुडघे स्टिअरिंगला टेकले. मागे सरकवायला हात होईना. मग सरकवली. रविवारी जायचंय.

१९ ऑक्टोबर, रविवार

आणलं तिला घरी!

निघताना ती आपली उजव्या दाराशी. हात पुढे, किल्लीसाठी. "आज मी," म्हटलं, तर मुकाट्याने डावीकडे येऊन बसली. रडली नाही, घाबरली नाही. राउंडअबाउटला तेवढा पायाने ब्रेक दाबला – तिच्या बाजूला नसलेला. मला हसूच आलं.

"छान चालवता हो तुम्ही," म्हणाली. मी असा फुगलो! मग म्हणाली, "मराठी का? कुठले?"

समोर बघत "साताऱ्याचा," म्हटलं.

"अय्या! आमचे हेही साताऱ्याचे!" आणि एकदम मोकळी झाली. "त्यांना नाही हो जमलं गाडी शिकायला. मग मीच चालवली जन्मभर. मला मुळीच आवडायचं नाही. मोटरवेवर तर हात गार पडायचे. पण त्यांना बोलू नका हं यातलं. त्यांना वाटतं, मला हौस आहे."

"नाही बोलणार," म्हटलं.