हेडमास्तरांना हवं होतं विजेचं बिल

आई, तुझ्या दोन्ही हातांचा मुका घेते. मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवते. तुझे गुडघे कसे आहेत?

मी काम करते त्या बेघर पोरींच्या वसतिगृहातल्या नवाराला आज शाळेत घातलं. चार वर्षं समुद्राच्या धक्क्यावर झोपलेल्या पोरीकडे हेडमास्तरांनी काय मागावं? राहत्या घराचं विजेचं बिल! असली अक्कल खुर्चीत बसल्यावरच फुटते.

नवारा म्हणाली, "साहेब, मी धक्क्यावरच्या दिव्याखाली वाचायला शिकले. त्याचं बिल सरकारकडे असेल, मागवून घ्या."

महाशयांनी अर्ज परत माझ्याकडे सरकवला. शेवटी मीच माझ्या खोलीचं बिल त्यांच्यापुढे आपटलं आणि पालक म्हणून सही ठोकली.

तेव्हा माझ्या लग्नाची घाई आता पुरे. तुला नात झाली आहे, सोळा वर्षांची. ईदला घेऊन येते. शेजारणींनी नाकं मुरडली, तर त्यांच्याकडेही विजेचं बिल माग.

तुझीच हट्टी,
इन्साफ
अलेक्झांड्रिया